डाग आणि रंग

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून स्नान करावयाचे, हा आपल्याकडचा नेम आहे. वर्षातला सर्वांत मोठा सण, आणि त्यातली पहिली आंघोळ होते ती आपल्याच कातडीचे लाड करून. आंबेहळद, चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा कुटून चाळून ठेवायचा, थंडीत कुडकुडणाऱ्या मुलांना पाटावर बसवायचे आणि त्यांच्या पाठी रसरशीत होईपर्यंत चोळायच्या. हे सारे धर्माच्या नावाने चालते. एरवी कीर्तनाला बसलो म्हणजे देह नाशवंत आहे, मातीचा तो मातीलाच मिळायचा, हे ऐकून आपण माना डोलावतो; आणि घरी आल्यावर फुटलेल्या टाचांना कोकमतेल लावतो. या दोहोंत काही विसंगती आहे असे मला कधी वाटले नाही. देह नाशवंत आहे म्हणून तो मळका ठेवावा, असे कोणत्याही संताने सांगितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तेव्हा कातडीची निगा राखणे म्हणजे छचोरपणा, हे मत मला पहिल्यापासून मान्य नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

हे सांगावयाचे कारण असे की, आता उटण्याच्या जोडीला प्रकाश आला आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर त्वचेच्या उपचारांच्या तीन पाट्या आहेत. नको असलेले केस, वांग, मुरमांचे व्रण, जन्मखुणा, गोंदण हे सारे लेसरने घालवून मिळेल, असे त्यांवर लिहिलेले असते. दिवाळीच्या सुमारास सवलतीचा कागदही चिकटवलेला असतो. पूर्वी ही मुंबई-पुण्याची गोष्ट होती. आता ती आमच्या मुलींच्या शाळेच्या वाटेवर आली आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षांचे. विज्ञानाच्या बाईंना विचारावेत असे प्रश्न मुली मला विचारतात, याचे कारण रंगांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, अशी त्यांची समजूत आहे. 'बाई, हे केलेलं चांगलं की वाईट?' या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ते यंत्र करते तरी काय, हे समजून घ्यावे म्हणून मी जमेल तेवढे वाचले, आणि ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना पुष्कळ पिडले. नवल असे की, यंत्र कसे चालते हे कळल्यावर योग्य-अयोग्याचा प्रश्नही मला निराळा दिसू लागला.

प्रकाशाने कातडीवर उपचार करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. आपले वैद्य कोडाच्या डागांवर बावचीच्या बियांचा लेप लावीत आणि रोग्याला उन्हात बसवीत. त्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य आहे आणि ते त्वचेला उन्हाच्या बाबतीत हळवे करते, हे रसायनशास्त्राने पुष्कळ नंतर सांगितले. डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टरांनी विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश एकवटून त्वचेचा क्षय बरा करून दाखविला, आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो रोग बहुधा चेहऱ्यावर होई. नाक, गाल खाऊन टाकी. अशा माणसाला चेहरा परत मिळाला तर त्याला कोणी नटणे म्हणणार नाही.

लेसरची गोष्ट त्यापुढची. त्यामागचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. पण पहिले यंत्र तयार व्हायला १९६० चा मे महिना उजाडावा लागला. कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या एका लहानशा कांडीतून लाल प्रकाशाचा झोत काढला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि त्यात नाना रंग मिसळलेले असतात. हा झोत एकाच रंगाचा आणि एकाच दिशेने जाणारा. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो माणसाच्या कातडीवर वापरून पाहिला. परंतु कातडी न भाजता नेमके हवे तेवढेच कसे जाळावे, याचा हिशेब बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली मांडला. आजची ही सारी दुकानदारी आणि सारी वैद्यकीही त्या हिशेबावर उभी आहे.

तो हिशेब मला समजला तो असा. उन्हात पांढरा सदरा आणि काळा कोट शेजारी-शेजारी वाळत घातले, तर काळा कोट अधिक तापतो. प्रत्येक पदार्थ आपल्याला मानवेल तो प्रकाश शोषून घेतो आणि बाकीचा सोडून देतो. आपल्या केसांत आणि कातडीत मेलॅनिन नावाचे काळपट द्रव्य असते, ते एका जातीचा प्रकाश शोषते. रक्तातले तांबडे द्रव्य दुसऱ्या जातीचा. गोंदणाची शाई आणखी निराळा. जे घालवायचे असेल त्याला मानवणारा प्रकाश निवडावयाचा आणि तो इतका क्षणभर सोडावयाचा की, उष्णता शेजारी पसरण्याच्या आतच ते जळून जावे. जन्मतःच चेहऱ्यावर द्राक्षाच्या रसासारखा लाल डाग असतो, त्यासाठी रक्ताला धरणारा पिवळसर प्रकाश लागतो. केसांसाठी मुळातल्या काळेपणाला धरणारा. गोंदणासाठी सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावे लागतील असे ठोके द्यावे लागतात. त्यांनी शाईचे कण फुटतात आणि ते बारीक कण शरीरच हळूहळू वाहून नेते. म्हणजे यंत्र पुसत नाही. ते फोडून देते, आणि पुसण्याचे काम आपले रक्तमांस करते. यातली काही यंत्रे तर लेसर नव्हेतच. नाना रंगांचा एक प्रखर दिवा, पुढे गाळणी लावलेला, एवढेच त्यांचे स्वरूप असते.

यात एक गंमत आहे. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसते, म्हणून त्याच्यावर या यंत्राचा काही इलाज चालत नाही. आमच्या आत्याबाईंच्या हनुवटीवरच्या दोन पांढऱ्या केसांपुढे लाखो रुपयांचे यंत्र हात टेकते. केसांचीही एकेक तुकडी निरनिराळ्या वेळी वाढीला लागत असते, म्हणून एका बैठकीत काम भागत नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतराने पुनःपुन्हा जावे लागते. आणि 'कायमचे' हा पाटीवरचा शब्द तर चिमटीत धरूनच वाचावा. वांगासारखा डाग उन्हाने आणि शरीरातल्या घडामोडींनी परत येतो. कधी कधी लेसरनेच तो अधिक गडद होतो.

ही झाली यंत्राची हकीकत. पण यातच माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट दडलेली आहे. हे यंत्र काळेपणा शोधते. गोऱ्या कातडीवर काळा केस असला म्हणजे त्याला आपले लक्ष्य लगेच सापडते. कातडीच सावळी असेल तर मात्र त्याचा गोंधळ होतो. केसातले मेलॅनिन आणि कातडीतले मेलॅनिन यांत त्याला फरक कळत नाही. ते केसाबरोबर कातडीही भाजते, आणि भाजलेल्या जागी पूर्वी नव्हता तो काळा डाग उमटतो. याला डॉक्टर लोकांनी उपाय काढलेले आहेत. १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो, म्हणून तो आपल्या कातडीला अधिक मानवतो. शिवाय ठोके लांबवायचे, कातडी थंड ठेवायची, आधी लहानशा जागेवर करून पाहायचे. हे जाणणारा माणूस यंत्रामागे असला तर काळजी नाही. नसला तर काय होते, ते मी पाहिले आहे. शेजारच्या गावातल्या एका मुलीने लग्नाआधी महिनाभर एका सौंदर्यगृहात, डॉक्टर नसलेल्या जागी, गालांवरचे बारीक केस जाळून घेतले. तिच्या लग्नाच्या फोटोत दोन्ही गालांवर चौकोनी काळसर ठसे आहेत. केस कोणाच्या लक्षातही आले नसते.

कातडीचे वर्गही डॉक्टरांनी पाडलेले आहेत. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली, ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून ते पाडले. पहिल्या मांडणीत ते गोऱ्या कातडीपुरतेच होते; तपकिरी आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे वर्ग मागाहून जोडण्यात आले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या वर्गात मोडतात. मोजपट्टी आधी एका रंगासाठी आखायची आणि बाकीच्यांना नंतर खाली जागा करून द्यायची, ही रीत केवळ वैद्यकातलीच आहे असे मात्र मला म्हणवत नाही.

चित्रकलेच्या वर्गात दरवर्षी मी मुलांना स्वतःचे चित्र काढायला सांगते. साठ मुलांपैकी पन्नास तरी खोक्यातला फिकट गुलाबी-शेंदरी खडू उचलतात. त्या खडूला ती 'कातडीचा रंग' म्हणतात. वर्गात तशा कातडीचे मूल बहुधा एकही नसते. मग मी खडू बाजूला ठेवायला सांगते आणि प्रत्येकाला आपापल्या मनगटाशेजारी कागद धरून रंग कालवायला लावते. पिवळी माती, तांबडी माती, थोडा पांढरा, सुईच्या टोकाएवढा निळा. अर्ध्या तासाने साठ मुलांचे साठ रंग तयार होतात आणि त्यांतले दोनही एकमेकांसारखे नसतात. मला सांगायचे आहे ते चित्रकाराच्या भाषेत असे: कागदाचा स्वतःचा एक रंग असतो आणि त्याच्यावर सांडलेला एक डाग असतो. पिवळसर हातकागदावर शाई सांडली तर ती टिपावी. पण म्हणून कागदाला घासून पांढरा करू पाहणे, हे त्याला भोक पाडण्याचे काम आहे. डाग आणि रंग यांतला हा फरक यंत्राला कळत नाही. तो कळायचा तर माणसालाच. आणि आपल्या समाजात गेली कित्येक वर्षे तो माणसालाही कळेनासा झाला आहे.

नववीतली एक मुलगी उभी राहून उत्तर देताना नेहमी तोंडावर हात धरी. मला वाटे, दात पुढे असतील. एकदा रांगोळीचे ठिपके काढायला तिला दोन्ही हात मोकळे करावे लागले, तेव्हा दिसले की ओठावर आणि हनुवटीवर मुलांसारखे दाट केस आहेत. मधल्या सुट्टीत मुले तिला काय म्हणत, ते येथे लिहीत नाही. तिच्या वडिलांनी तिला कोल्हापूरला नेले. तेथील डॉक्टरबाईंनी यंत्राला हात लावण्याआधी तिच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. पाळीच्या तक्रारी विचारल्या. शरीरातला बिघाड सापडला, त्यावर औषध सुरू केले आणि मग लेसरच्या बैठका. वर्षभराने ती दहावीत वादविवाद स्पर्धेत उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही हात टेबलावर होते. ही मुलगी नटली, असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणो.

त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीची आई तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेली. हिला ना केस, ना मुरूम, ना वांग. ती सावळी होती, एवढेच. मोठ्या बहिणीचे स्थळ रंगावरून मोडले होते, तसे हिचे होऊ नये म्हणून आईने भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. डॉक्टरबाईंनी पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, 'काढायला इथं काही नाही. हिचा रंग हा आजार नाही.' आई माझ्याकडे येऊन रडली. तिची बाजू मला कळत होती. तिला आपल्या मुलीचा रंग कुरूप वाटत नव्हता. तिने तो तसा ठरवला नव्हता. बाजारात जो भाव चालतो तो तिने मोजला होता. जाहिरातींत आपण 'गोरी, सुंदर' असे एकाच श्वासात छापतो, 'निमगोरी' आणि 'गव्हाळ' असे मधले थांबे करतो, आणि 'सावळी' हा शब्द आला की पुढे 'पण नाकीडोळी नीटस' अशी भरपाई जोडतो. आणि तोच सावळेपणा पंढरपुरात विटेवर उभा असला की आपला ऊर भरून येतो. १९७५ साली भारतात गोरेपणाचे जे मलम बाजारात आले, त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द २०२० साली काढण्यात आला. शब्द काढणे सोपे होते.

या दोन मुलींच्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे वाटते, चला, प्रश्न सुटला: डाग असेल तर काढावा, रंग असेल तर राहू द्यावा. पण तिसरी गोष्ट लगेच हे गणित चुकवते.

आमच्या शाळेत शिपाईकाम करणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर नवऱ्याचे नाव गोंदलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत दोघांनी हौसेने गोंदवून घेतले. पुढे नवरा दुसरीकडे घर करून राहिला. मावशींनी दोन मुलींना एकटीने वाढवले. एके दिवशी पाण्याचा हंडा भरता भरता त्यांनी मला विचारले, 'बाई, हे जातं का हो?' मी विचारले, 'कोणी काही बोललं का?' त्या म्हणाल्या, 'छे, कोण बोलतंय? पदराखाली झाकतंय ते. पण भाकरी थापताना रोज डोळ्यांपुढं येतंय.'

या वाक्याने मी फार दिवस बेचैन होते. येथे लोकांची नजर नाही, स्थळ नाही, बाजार नाही. बाईच्या कातडीवर एक अक्षर आहे आणि ते ती रोज दोन वेळा वाचते. वैद्यकाच्या दृष्टीने तो डाग नाही, रोग नाही. चित्रकाराच्या दृष्टीनेही तो अपघाताने सांडलेला नाही; हौसेने काढलेला आहे. तरी तो जायला हवा असे तिला वाटते, आणि तिचे बरोबर आहे असे मलाही वाटते. उलट माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते, हातावर तुळशीवृंदावन होते. ती म्हणे, मेल्यावर सोनेनाणे सगळे इथेच काढून घेतील, अंगावरचे गोंदण तेवढे बरोबर येईल. तिला कोणी हे यंत्र दाखवले असते तर तिने ते आपल्याला नागवायला आले आहे असेच मानले असते. एकच शाई, एकच सुई, एकाच मातीतल्या दोन बायका. एकीला ती मिळकत वाटते, दुसरीला कर्ज. कोणती खूण डाग आणि कोणती ठेव, हे बाहेरून पाहणाऱ्याला ठरवताच येत नाही. ते ज्याच्या कातडीवर आहे त्याने ठरवायचे.

माझी एक मैत्रीण महिलांच्या चळवळीत काम करते. तिच्याशी या विषयावर माझा वाद झाला. तिचे म्हणणे असे: नववीतल्या त्या मुलीने केस काढले म्हणजे चिडवणारे जिंकले. बदलायला हवी होती ती पोरांची जीभ. बदलला मुलीचा चेहरा. असेच चालले तर जगातली प्रत्येक क्रूर नजर एक नवा उपचार जन्माला घालील. हे म्हणणे खोटे नाही. पण त्याला माझे उत्तर असे आहे की, समाजसुधारणेची लढाई पंधरा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर लढू नये. समाज सुधारायला शंभर वर्षे लागतील. तिची दहावी पुढच्या वर्षी आहे. लढायचेच असेल तर ते आम्ही मोठ्यांनी लढावे, आपल्या घरात, आपल्या वर्गात. तिच्या ओठावरच्या केसांना आमच्या तत्त्वाचा झेंडा करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.

मैत्रिणीच्या म्हणण्याचा दुसरा भाग मात्र मला खोडता आलेला नाही. ती म्हणाली, वर्गातल्या चाळीस मुलींपैकी दहांनी केस काढले तर उरलेल्या तीस साध्या दिसतील. पस्तिसांनी काढले तर उरलेल्या पाच जणी विचित्र दिसू लागतील. आणि त्या पाच कोण असतील? ज्यांच्या घरी बैठकांना पैसे नाहीत त्या. म्हणजे मी माझ्या कातडीचे केले ते माझ्यापुरते राहत नाही. माझा पुसलेला डाग शेजारणीचा न पुसलेला डाग अधिक ठळक करतो. म्हणून ज्याने उपचार केला त्याने चूक केली, असे मी म्हणत नाही. पण त्याच्या अंगावर एक देणे राहते असे मला वाटते. पूर्वी आपल्यालाही असेच होते, हे त्याने न लपवता सांगावे. आणि ज्याच्या चेहऱ्यावर अजून आहे त्याच्याकडे 'हे काढून का टाकत नाही?' अशा नजरेने कधीही पाहू नये. खरे सांगायचे तर, नीतीची परीक्षा यंत्राखाली झोपताना होत नाही. ती तेथून उठल्यावर, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहताना होते.

या सगळ्यावर मात करणारी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी मला सहज बोलता बोलता सांगितली. त्यांच्या दवाखान्यात दोन खोल्या आहेत. एकीत काळे डाग फिके करायला माणसे येतात. दुसरीत कोडाचे रोगी बसतात. त्यांच्या पांढऱ्या डागांवर ३११ किंवा ३०८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने रंग परत आणण्याची खटपट चाललेली असते. यातला ३०८चा प्रकाश लेसरचाही असतो. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला माणूस पैसे मोजून रंग घालवतो आहे, आणि दुसऱ्या बाजूला तितकेच पैसे मोजून तिळाएवढा तपकिरी ठिपका उमटण्याची महिनोन्महिने वाट पाहतो आहे. तो ठिपका उमटला की लोक आरशापुढे रडतात, असे त्या म्हणाल्या. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी साऱ्या मानवजातीत जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्यांनी बनविलेल्या कणांच्या आकारात आणि मांडणीत. त्या पेशी काय मोलाच्या आहेत, हे ज्याच्या गेल्या त्याला विचारावे. ज्या रंगापायी आईने भिशीचे पैसे साठवले, तोच रंग परत यावा म्हणून पलीकडच्या खोलीत कोणीतरी नवस बोलत असतो.

तेव्हा माझ्या मुलींना मी आता काय सांगते, ते थोडक्यात लिहिते. पहिले हे की, यंत्राआधी डॉक्टर पाहा, आणि सवलतीचा कागद वाचून जाऊ नका. दुसरे हे की, तुमच्यावर आलेली खूण तुम्हांला बोचत असेल तर ती काढण्यात कमीपणा नाही, आणि बोचत नसेल तर ठेवण्यातही नाही. मात्र बोचते ती खूण की शेजारचे बोलणे, हे शांतपणे एकदा पाहा. बोलणेच बोचत असले तरी तुमचे दुःख खोटे ठरत नाही, एवढेच की त्याचे औषध निम्मे दुसऱ्याच्या तोंडात असते. आणि तिसरे हे की, रंग ही खूण नव्हे. तो कागद आहे. त्याच्यावरच तुमचे सगळे चित्र काढायचे आहे.

मोठ्या माणसांना सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती याच दिवसांत सांगण्याची आहे. भाऊबीजेला घरोघरी माणसे जमतात. वर्षाने भेटणारी आत्या, मावशी, काकू दारातच मुलीची हनुवटी वर करून पाहते आणि पहिले वाक्य बोलते: 'अगं बाई, किती काळवंडलीस!' किंवा 'हे काय गं गालावर? काहीतरी कर त्याला.' बोलणारी प्रेमानेच बोलते. तिच्या मनात काही नसते आणि फराळाच्या ताटाशी बसेपर्यंत ती ते विसरूनही जाते. मुलगी विसरत नाही. ती मधल्या खोलीतल्या कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभी राहते, आणि एस.टी. स्थानकाजवळची ती पाटी तिला तेथेच आठवते. यंदा त्या पहिल्या वाक्याच्या जागी दुसरे काही विचारता येईल. सध्या काय वाचतेस, चकलीचा सोऱ्या आता कोण फिरवते, सायकल शिकलीस का. विषयांना तोटा नाही.

मावशींच्या हाताच्या चार बैठका झाल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना आधीच सांगितले होते की, काळी शाई तशी लवकर फुटते, पण आपल्या कातडीवर जागा थोडी फिकट राहील. नावातली पहिली दोन अक्षरे गेली आहेत. शेवटची वेलांटी अजून निळसर दिसते. पाचव्या बैठकीचे पैसे त्यांनी धाकटीच्या वह्या-पुस्तकांना दिले. मी म्हटले, 'तेवढ्यासाठी का थांबता? आपण शाळेतल्या सगळ्या मिळून भरू.' हात पुढे करून त्यांनी तो उन्हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, 'राहू द्या बाई. आता वाचता येत नाही. तेवढं पुरे झालं.'